फुंकायची खोली

बी.एस्सी. फिजिक्स झालेल्या मुलीला नगरमध्ये काय काम मिळतं, हे शोधण्यात माझे सहा महिने गेले. एका क्लासमध्ये नववीच्या मुलांना शिकवून पाहिलं, एका मोबाईलच्या दुकानात काउंटरला उभी राहिले. मग एक दिवस मैत्रिणीच्या वहिनीनं सांगितलं, की सावेडीच्या रस्त्याला छातीचे एक डॉक्टर आहेत, त्यांना मशीन चालवायला मुलगी हवी आहे.

"कसलं मशीन?" मी विचारलं.

"माहीत नाही. त्यात माणसं फुंकतात म्हणे."

एवढ्याच माहितीवर मी गेले. खरं सांगायचं तर नोकरीपेक्षा मला त्या मशीनचीच उत्सुकता जास्त होती. माणूस फुंकतो, त्यातून मशीनला काय कळतं?

डॉक्टर पन्नाशी ओलांडलेले, बोलायला तुटक. त्यांनी माझी मार्कशीट न बघताच बाजूला सरकवली आणि विचारलं, "सायकलच्या ट्यूबमधली हवा काढायची आहे. एकदा व्हॉल्व्ह पूर्ण काढून, एकदा व्हॉल्व्हवर बोट अर्धवट दाबून. हवा तेवढीच. फरक कशात पडेल?"

"वेळात," मी म्हणाले. मग जरा विचार करून, "आणि सुरुवातीच्या जोरात."

"बस्स. आम्ही इथं दिवसभर हेच बघतो. ट्यूब फक्त माणसाची असते. उद्यापासून ये."

घरी सांगितलं तर अम्मीचा चेहरा उतरला. आमचं घर झेंडीगेटच्या बाजूला. अब्बांचं गाद्यांचं दुकान, घराला लागूनच. कापूस पिंजायचा, खोळी शिवायच्या, गाद्या-उशा भरायच्या, हा आमच्याकडे तीन पिढ्यांचा धंदा. अम्मीला वाटलं होतं की मी शाळेत लागेन. "आजारी लोकांचं खोकणं-थुंकणं अंगावर घ्यायचं काम का करतेस?" ती म्हणाली. अब्बा मात्र त्या ट्यूबच्या प्रश्नावर अडकले होते. त्यांनी मला तो परत सांगायला लावला आणि म्हणाले, "प्रश्न चांगला विचारला. माणूस कामाचा दिसतो. जा."

डॉक्टरांच्या दवाखान्यात जिन्याच्या वर, कोपऱ्यात एक दहा बाय आठची खोली होती. दारावर 'पीएफटी', म्हणजे फुफ्फुसाची तपासणी, अशी पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. पेशंट तिला 'फुंकायची खोली' म्हणत आणि हळूहळू मीही म्हणायला लागले. आत एक कॉम्प्युटर, त्याला जोडलेलं दुधाच्या किटलीएवढंही नसलेलं एक यंत्र, त्याला एक नळी. नळीच्या टोकाला पुठ्ठ्याची भोंगळी लावायची, प्रत्येकाला नवी. नाकाला लावायला चिमटा. हात असलेली एक भक्कम खुर्ची, कारण जोरात फुंकताना कधी कधी चक्कर येते. आणि भिंतीला उंची मोजायची पट्टी. मशीन म्हणून मी जे काही डोळ्यांपुढे आणलं होतं, त्याच्या मानानं हे फारच किरकोळ होतं.

मला शिकवायला तिथं एक ताई होत्या. देवळाली प्रवरेच्या, घरचा ऊस, रोज एसटीनं येऊन-जाऊन करायच्या. सात वर्षं ही खोली त्यांनीच चालवली होती. आता त्यांना सातवा महिना होता आणि त्यामुळेच माझी जागा निघाली होती. "काम सोपं हाय," पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "पन ओरडावं लागतं. आता माझाच दम पुरंना, म्हणून तुला बोलावलं."

सकाळी पेशंट यायच्या आधी पहिली परीक्षा मशीनची. प्लास्टिकचा एक जाडजूड पंप होता, बरोबर तीन लिटर हवा मावणारा. तो नळीला लावायचा आणि दांडा दाबून हवा आत सोडायची, एकदा सावकाश, एकदा मध्यम, एकदा जोरात. मशीननं प्रत्येक वेळी तीन लिटरच सांगितले पाहिजेत. जरा इकडे तिकडे चालेल, फार नाही. खोलीचं तापमानही रोज घालायचं. मी विचारलं, तापमान कशाला? ताई म्हणाल्या, "ते मला नको इचारू, डॉक्टरांना इचार." मी विचारलं. डॉक्टरांनी उलट मलाच विचारलं, "छातीतली हवा किती गरम? खोलीतली किती? मग बाहेर आल्यावर तिचं आकारमान?" कॉलेजात पाठ करून परीक्षेत लिहून टाकलेलं सूत्र असं समोर बसलेल्या माणसाच्या तोंडातून बाहेर पडतं, हे मला तेव्हा कळलं. घरी जाताना मी रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाच्या छातीकडे बघत गेले, म्हणजे किती चमत्कारिक दिसले असेन.

दुसऱ्या दिवशी ताईंनी मलाच खुर्चीत बसवलं. चिमटा लावला, भोंगळी ओठांत धरायला सांगितली. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "भरा, भरा, भरा, अजून भरा, गळ्यापर्यंत... आणि फुंका! जोरात! काढा, काढा, काढा, थांबायचं न्हाई, तळातलं काढा, अजून हाय, अजून हाय... आता वढा आत!"

डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावर एक रेघ उमटली होती. सरळ वर चढून टोकदार झालेली, मग एका सरळ उतारानं खाली आलेली, आणि श्वास आत ओढला तेव्हाची खालच्या बाजूला एक गोलसर वाटी. मला वाटलं होतं आकडे येतील. हे तर चित्र होतं, एक डोंगर आणि त्याच्याखाली लटकलेली वाटी.

"ही माझी छाती?"

"ही तुझी छाती नव्हं, ही तुझ्या छातीतनं हवा कशी पळाली ते," ताई म्हणाल्या. "टोक आलं म्हणजे तू झटक्यात फुंकलंस. उतार सरळ म्हणजे नळ्या मोकळ्या. दम्याचा असला म्हणजे हा उतार मधीच आत खचतो, झोळीसारखा. बघशील."

पुढचे पंधरा दिवस मी बघितलं. आणि ऐकलं. ताईंची खरी कला त्यांच्या बोलण्यात होती. प्रत्येक माणसाला तीनदा फुंकावं लागतं आणि त्यातले दोन तरी एकमेकांशी जुळावे लागतात, नाहीतर ती टेस्ट धरता येत नाही. आता माणूस आयुष्यात एवढ्या जोरानं कधी फुंकतच नाही. त्यात बायकांना परक्यासमोर तोंड फुगवायची लाज. ताई समोरच्याचं काम विचारून घ्यायच्या आणि मग त्याच कामातले शब्द काढायच्या. साखर कारखान्यातल्या माणसाला म्हणायच्या, "भोंगा वाजवा, पाळी सुटली!" चुलीवर रांधणाऱ्या म्हातारीला, "वलं लाकूड हाय, पेट घेईना, मारा फुंकर!" मी वहीत हे सगळं उतरवून घेतलं. ताई हसल्या. म्हणाल्या, "ल्हिऊन येत न्हाई हे."

त्यांचं खरं होतं. त्या रजेवर गेल्या आणि पहिल्याच आठवड्यात मी आपटले.

एक निवृत्त गुरुजी आले होते. स्वच्छ धोतर, खिशाला पेन, बोलणं अगदी मऊ. मी त्यांना म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या आणि जोरात सोडा." त्यांनी मान हलवली आणि बशीतल्या चहावर घालावी तशी फुंकर घातली. मी म्हणाले, "थोडं अजून जोरात." ते "हो, हो" म्हणाले आणि पुन्हा तसंच. वडिलांपेक्षा मोठ्या माणसावर ओरडायची मला लाज वाटली. तीन झाले, मी रिपोर्ट काढला आणि खाली पाठवून दिला.

दहा मिनिटांत डॉक्टर स्वतः जिना चढून वर आले. एरवी ते कधी येत नसत. कागद माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "या कागदावर विश्वास ठेवला तर या गृहस्थांना आत्ता ऑक्सिजन लावायला पाहिजे. ते खाली बसून पेपर वाचतायत."

मी कागद उचलून रेघा बघायला लागले.

"टोक कुठं आहे? तिन्ही रेघा तीन तऱ्हेच्या आहेत. हे त्यांच्या फुफ्फुसाचं चित्र नाही. तू संकोचलीस, त्याचं चित्र आहे. त्यांना परत बोलाव."

गुरुजी परत आले. मी त्यांची माफी मागितली आणि म्हणाले, "गुरुजी, आता मी ओरडणार आहे. राग मानू नका." ते म्हणाले, "ओरडा की. मी चाळीस वर्षं पोरांवर ओरडलोय." मी ओरडले. खालच्या मजल्यावरचे पेशंट दचकले असतील. गुरुजींनी असं काही फुंकलं की टोक पडद्याच्या वरपर्यंत गेलं. त्यांची छाती वयाच्या मानानं उत्तम होती.

त्यानंतर डॉक्टरांनी मला एक काम लावलं. पेशंट नसतील तेव्हा ओळखीच्या वीस माणसांना आणून सराव करायचा. पहिली अम्मी आली, मग शेजारच्या दोघी. अब्बा टाळत होते. "मेरे कू क्या हुआ है?" एवढंच म्हणायचे. पण मशीन बघायची इच्छा त्यांनाही होतीच, आणि एका शुक्रवारी दुकान बंद असताना ते आले. खुर्चीत बसण्याआधी त्यांनी नळी उलटसुलट करून बघितली, आत हवेचा वेग कसा कळतो ते विचारलं, मी सांगितलं ते त्यांना पटलं, आणि मगच चिमटा लावून घेतला.

"अब्बा, भरा, भरा, भरा... आणि फुंका!"

अब्बांनी मनापासून फुंकलं. टोक आलं. पण नंतरचा उतार सरळ आला नाही. मधेच आत खचला. फार नाही, पण तिन्ही वेळा, त्याच जागी. ताईंनी सांगितलेली झोळी.

मी पडदा बघत राहिले. अब्बांचा सकाळचा खोकला आमच्या घरात इतका जुना होता की तो झाल्याशिवाय सकाळ झाली असं वाटत नसे. शनिवारी, सुट्टीनंतर दुकान उघडलं की त्यांची छाती आवळायची, हेही आम्हाला माहीत होतं. ते म्हणायचे, आराम केला की अंगाला सवय राहत नाही. मला कधी त्यात काही विचारण्यासारखं वाटलं नव्हतं.

"काय आलं?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील," मी म्हणाले. पेशंटना म्हणायचं वाक्य मी बापाला म्हटलं.

डॉक्टरांनी त्यांना बसवून घेतलं आणि कापसाच्या धुळीबद्दल अर्धा तास विचारलं. मशीन कुठं आहे, खिडकी कुठं, पिंजताना तोंडाला काय बांधता. अब्बांनी न चिडता उत्तरं दिली. घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाले, "बरोबर बोलतो तो माणूस. शनिवारचं त्यानंच मला सांगितलं, मी सांगायच्या आधी. म्हणाला, कापसाच्या धुळीनं सुट्टीनंतरच छाती आवळते." आठ दिवसांत त्यांनी पिंजायचं मशीन आतल्या खोलीतून मागच्या पडवीत उघड्यावर हलवलं आणि चांगला मास्क आणला. तो मास्क ते रोज लावतात असं मी छातीठोक सांगू शकत नाही. पण ती झोळी मात्र माझ्या डोळ्यांत पक्की बसली. नंतर कितीही दम्याचे पेशंट आले, तरी मी त्यांचा उतार मनातल्या मनात अब्बांच्या उताराशी ताडून बघायची.

आणि म्हणूनच ती बाई आली तेव्हा मी अडखळले.

पारनेर तालुक्यातली, राळेगणसिद्धीच्या पलीकडच्या एका वस्तीवरची. वय चाळीसच्या आत. घरी चार गाई, दूध डेअरीला घालायचं. सासू बरोबर होती. दोघी जिना चढून आल्या तेव्हा मी खोलीत पाठमोरी होते, भोंगळ्या मोजत. मागून एक आवाज आला. करवत ओल्या लाकडात अडकावी तसा, घर्रर्र, घर्रर्र. मी वळून बघितलं तर ती दाराला धरून उभी होती. चेहरा सुजल्यासारखा गोल, औषधांनी येतो तसा.

"दमा हाय हिला," सासू म्हणाली. "दोन वरीस झालं. पंप झाले, गोळ्या झाल्या. आमच्याकडच्या डॉक्टरनी हितं धाडलं, मशीनवर फुंकून या म्हणले."

मी तिला बसू दिलं. तिचा श्वास जरा खाली बसला, पण आवाज पूर्ण गेला नाही. मी ऐकत राहिले. दम्याच्या माणसाची छाती वाजते ती बहुतेक श्वास सोडताना, बारीक शिट्टीसारखी. हिचा आवाज श्वास आत घेतानाही होता, उलट तेव्हाच जास्त. आणि तो छातीतून नाही, गळ्यातून आल्यासारखा वाटत होता. पण मला या खोलीत येऊन जेमतेम चार महिने झाले होते. मी मनात म्हटलं, आपण फुंकून घेऊ.

"ताई, गाईची धार काढता ना? तशी एकदम जोरात सोडायची. भरा, भरा, भरा... आणि फुंका!"

तिनं फुंकलं. गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या, चेहरा लाल झाला. पडद्यावर रेघ वर चढली, आणि अर्ध्यातच थांबली. टोक नाही. तिथून ती आडवी चालत गेली आणि मग खाली आली. श्वास ओढतानाची वाटीही तळाला सपाट. दोन्ही मिळून एखादं खोकं काढल्यासारखं दिसत होतं.

मला गुरुजी आठवले. टोक नाही म्हणजे जोर नाही. मी अजून ओरडले. दुसऱ्यांदा तेच खोकं. तिसऱ्यांदा तेच. सासू म्हणाली, "पोरी, किती फुंकवशील तिला? दमली ती."

मी तिला पाणी दिलं आणि तिन्ही रेघा एकमेकींवर ठेवून बघितल्या. एकावर एक अशा बसल्या की तीन आहेत हेच कळेना. मी बराच वेळ बघत होते. पारनेरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना असे डोंगर दिसतात, माथा सुरीनं कापून काढल्यासारखे. तसा तो डोंगर होता. अब्बांच्या उताराशी त्याचं काहीच जुळत नव्हतं. तिथं वर चढणं ठीक होतं, उतार खचला होता. इथं चढणंच कुणीतरी अडवलं होतं.

नियमाप्रमाणे दम्याच्या पंपाचं औषध देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकून घेतलं. दमा असेल तर रेघ थोडी तरी सुधारते. हिची तसूभर हलली नाही.

मी कागद घेऊन खाली गेले. डॉक्टरांपुढे गर्दी होती. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "जोर कमी पडला. परत घे."

मी तिथंच उभी राहिले. ते वर बघून म्हणाले, "काय?"

"सर, मी चार वेळा घेतलं. जोर न लावणारा माणूस चार वेळा मोजून तेवढाच कमी जोर कसा लावेल? गुरुजींच्या तिन्ही रेघा वेगळ्या होत्या. हिच्या एकच आहेत." आणि मग, धीर करून, "आणि हिचा आवाज श्वास घेताना येतो. गळ्यातून."

डॉक्टरांनी कागद परत ओढून घेतला. चष्मा वर केला. मग समोरच्या पेशंटला "दोन मिनिटं हं" म्हणून ते माझ्या पुढे जिना चढायला लागले.

त्यांनी तिच्या छातीला स्टेथोस्कोप लावला नाही, आधी गळ्याला लावला. मग विचारलं, "ताई, कधी मोठ्या दवाखान्यात भरती होता का? घशात नळी घालून ठेवलं होतं का?"

ती काही बोलायच्या आत सासू म्हणाली, "नाग चावल्ता की हिला! घास कापत हुती गाईंसाठी. नगरला आनलं. नऊ दिस मशीनवर हुती, तोंडात नळी घालून. आमी आशा सोडल्ती."

"कधी?"

"अडीच वरीस झालं आसंल."

"आणि दमा कधी सुरू झाला?"

सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं. हिशेब त्या दोघींनी तिथंच, आमच्यासमोर केला. नागपंचमीच्या आसपास चावलं, दिवाळीला घरी बरी होती, आणि दिवाळीनंतर बाजरी मळताना पहिल्यांदा आवाज आला. धुळीनं आला, असं सगळ्यांना वाटलं. तिनं हळूच विचारलं, "त्याचा याच्याशी काय संबंध, डॉक्टर?"

डॉक्टरांनी तिला समजावून सांगितलं. ज्या नळीनं तिचा जीव वाचला, तीच आत एका जागी घासली असावी. जखम भरली, पण भरताना आवळली. हाताला भाजलेली कातडी आवळते तशी. दमा हा खालच्या बारीक नळ्यांचा आजार. हिची वरची मुख्य नळीच एका ठिकाणी अरुंद झाली असावी. "पंपानं फरक पडला नाही तो यामुळे. पण आधी गळ्याचा स्कॅन करू. तोपर्यंत मी नक्की म्हणत नाही."

स्कॅन दुसऱ्या दिवशी झाला. डॉक्टरांनी मला बोलावून दाखवला. श्वासनळी काळ्या पट्टीसारखी सरळ खाली येत होती आणि एका जागी, बोटाच्या पेरापेक्षा कमी लांबीवर, दोरा बांधून आवळल्यासारखी झाली होती. बाकी राहिलेली वाट पेन्सिलीपेक्षा बारीक. त्या वाटेनं ही बाई दोन वर्षं श्वास घेत होती, गाईंच्या धारा काढत होती, घास कापत होती. मी पडद्यावर बघितलेलं खोकं आणि ही आवळलेली जागा एकच होती, हे तिथं उभ्या उभ्या कळलं. अभिमान वाटला असं मला आज लिहिता येईल, पण त्या क्षणी अभिमान नव्हता. असं आणखी काय काय त्या रेघांमध्ये असेल आणि मला वाचता येत नसेल, हेच डोक्यात घुमत होतं.

डॉक्टरांनी त्या पारनेरकडच्या डॉक्टरांना माझ्यासमोर फोन केला. मला वाटलं होतं ते रागावतील. ते म्हणाले, "तुम्ही मशीनवर पाठवलंत ते फार बरं केलंत," आणि सगळं सांगितलं. फोन ठेवून मला म्हणाले, "मीही जोर कमी म्हणून परत पाठवत होतो ना?"

तिला पुण्याला जावं लागलं. तिकडच्या डॉक्टरांनी आधी दोनदा आतून फुगा फुगवून ती जागा रुंद केली. दोन्ही वेळा महिन्या-दीड महिन्यात ती परत आवळली. दुसऱ्या वेळेनंतर महिन्याभरानं ती आमच्याकडे आली, तेव्हा आवाज नुकताच पुन्हा सुरू झाला होता आणि ती रडली. "मला वाटलं सुटले," ती म्हणाली. मी तिची टेस्ट घेतली, डोंगराचा माथा पुन्हा कापला जायला लागलेला होता, आणि मी तो कागद खाली पाठवला. मग पुण्याला मोठं ऑपरेशन ठरलं. आवळलेला तुकडाच कापून काढायचा आणि दोन टोकं जोडायची.

त्यानंतर चार महिने काही कळलं नाही. मी दोन-तीनदा डॉक्टरांना विचारलं, त्यांनाही फक्त ऑपरेशन झालं एवढंच माहीत होतं.

एका दुपारी मी कॉम्प्युटरवर नोंदी करत होते आणि मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, फुंकायचं हाय." मी दचकले. ती उभी होती. जिना चढून आली होती आणि मला पाऊलसुद्धा ऐकू आलं नव्हतं. चेहऱ्यावरची सूज उतरली होती, मी तिला आवाजावरून ओळखायची, त्यामुळे क्षणभर ओळखलीच नाही. सासू मागे होतीच.

"घरात आशी हिंडती आता," सासू म्हणाली. "आधी गोठ्यात हाय का मोरीवर हाय ते घरात बसून कळायचं. आता एकदम म्होरं येऊन उभी ऱ्हाती. मीच दचकते."

मी ऑपरेशनचं विचारलं. तिनं मान वर करून गळ्यावरची आडवी खूण दाखवली. मग हनुवटीखालच्या दोन बारीक खुणा दाखवल्या. "ही काय माहीत हाय का? टाके घालून हनुवटी छातीला बांधून ठिवली हुती. जोड ताणू नये म्हणून. सात दिस. मान वर करायची न्हाई. सगळा येळ आपली मी खाली बघून. सासूबाई चमच्यानी भरवायच्या आन मी त्यांचे पाय बघायचे. सात दिसात त्यांचं तोंड पायलं न्हाई."

"माझ्या पायाला भेगा हायत हे तिला तवा कळालं," सासू म्हणाली. दोघी हसल्या.

मी नवी भोंगळी लावली, चिमटा दिला. "भरा, भरा, भरा... आणि फुंका!"

रेघ चढली. चढत गेली, आणि वर जाऊन तिला टोक आलं. माझ्या किंवा गुरुजींच्या टोकाइतकं उंच नव्हतं, जरा बोथट होतं, पण टोक होतं. तिथून उतार सरळ खाली आला. खालची वाटीही गोल झाली होती. मी पडदा तिच्याकडे वळवला, जुनी रेघ काढून नव्या रेघेशेजारी ठेवली. तिनं दोन्हींकडे बघितलं. सासूलाही बोलावलं.

"म्हंजी मला दमा न्हवताच?" तिनं विचारलं.

"नव्हता."

दोन वर्षं धूळ नको, दही नको, थंड पाणी नको, लग्नाकार्यात चुलीजवळ नको, असं सगळं तिनं पाळलं होतं. बहिणीच्या लग्नात ती मांडवाबाहेर बसली होती. हे तिनंच सांगितलं, तक्रार न करता. मग म्हणाली, "जाऊ द्या. नाग चावूनशान जगले, एवढ्यावर भागलं."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सहा महिन्यांनी परत यायला सांगितलं. जोडलेली जागा पुन्हा आवळत नाही ना, हे बघत राहावं लागणार होतं. त्या संध्याकाळी मी त्यांना विचारलं, की पेशंटची माहिती भरायच्या फॉर्मवर एक ओळ वाढवू का. उंची, वय, काम, तंबाखू, चूल, हे सगळं आपण विचारतो, पण पूर्वी कधी घशात नळी घातली होती का, हे विचारत नाही. ते म्हणाले, "लिही. तुझ्याच शब्दांत लिही, लोकांना कळेल असं." मी लिहिलं, 'आधी कधी मशीनवर ठेवलं होतं का?' लोक या प्रश्नाला भलतीच उत्तरं देतात. एक जण म्हणाला, हो, पिठाच्या गिरणीवर होतो. तेही मी लिहून घेते, कारण तेही कळलेलं बरं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. तीन रेघा झाल्या होत्या, दोन नीट जुळल्या होत्या, माझं काम संपलं होतं. मी चिमटा काढून घ्यायला हात पुढे केला, तर तिनं तो हातात धरून ठेवला. या खोलीत आलेला प्रत्येक माणूस "झालं का, अजून किती" असंच विचारतो. ती म्हणाली, "मॅडम, अजून एकदा फुंकू का?"

"कशाला? चांगलं आलंय."

"तसं न्हाई," ती म्हणाली. "उगाच."

मी पुन्हा तिच्यासमोर उभी राहिले. या वेळी मला ओरडावं लागलं नाही.